वर्ग पहिला, कारभार खासगी

मिल्टन कीन्स
९ सप्टेंबर २०२५

प्रिय काका,

तुम्हाला फोनवर बोलायला लावलं की तुम्ही इल्फर्डचं हवामान सांगता आणि फोन काकूंच्या हातात देता. म्हणून पत्रच लिहिते. या वेळी कामही तसंच आहे.

मी नव्या नोकरीत नक्की काय करते असं तुम्ही मे महिन्यात विचारलं होतं आणि मी ‘डेटा’ म्हणून सुटका करून घेतली होती. तर ऐका. देशातल्या संरक्षित जागा, म्हणजे जंगलं, दलदली, पक्ष्यांची बेटं, यांची एक मोठी यादी आमची कंपनी करते आहे. प्रत्येक जागेसमोर मी दोन रकाने भरायचे. पहिला वर्गाचा: जागा कशासाठी आणि किती कडक राखली आहे. पहिला वर्ग सगळ्यात कडक, तिथे माणसाने शक्यतो पाऊलच टाकायचं नाही. चौथ्या वर्गात माणसं जातात-येतात, हात लावून जागा सांभाळतात. दुसरा रकाना कारभाराचा: तिथले निर्णय कोण घेतं? सरकार, खासगी मालक, स्थानिक लोक, की सगळे मिळून?

काल यादीत मॅरिट्स मार्श आलं. तुमचंच ते, एसेक्सच्या किनाऱ्यावरचं, जिथे तुम्ही महिन्यातल्या एका रविवारी पक्षी मोजायला जाता. जागा एका ट्रस्टच्या मालकीची आहे आणि त्यांनी फॉर्मवर ‘पहिला वर्ग, कारभार खासगी’ असं स्वतःच लिहून पाठवलंय. आमचा नियम असा की एखाद्या स्थानिक माणसालाही विचारायचं. मला तिथला एकच माणूस माहीत आहे आणि तो इल्फर्डला राहतो.

जरा लवकर कळवा. गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या दोघांना काढलं. अवधूतला इथे अजून नोकरी मिळालेली नाही, ईराची शाळा आत्ता कुठे रुळली आहे, आणि तिघांचेही व्हिसा माझ्या नोकरीवर आहेत. डिसेंबरमध्ये माझा रिव्ह्यू आहे. अवधूत म्हणतो, उगाच घाबरतेस. पण रोज सकाळी लॅपटॉप उघडला की आधी एचआरची मेल आलीय का ते बघते, त्याला मी तरी काय करू?

तुमची
पूर्वी

*

इल्फर्ड
१५ सप्टेंबर २०२५

चि. पूर्वीस आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचून दाखवलं. हवामानाच्या वाक्याला ती गरजेपेक्षा जास्त हसली. इल्फर्डला आज ढगाळ आहे.

आता मॅरिट्स मार्श. ओहोटीला बघितलं तर दोन मैल राखाडी चिखल. धक्क्यापासून शिंपल्यांच्या बेटापर्यंत एकच टणक वाट आहे आणि ती दिसत नाही. आजूबाजूचा चिखल अगदी वाटेसारखाच, पण त्यात माणूस मांडीपर्यंत जातो. म्हणून आम्ही वाटेवर दर वीस पावलांना एक काठी रोवतो. दर सप्टेंबरला मोडक्या काठ्या बदलतो, वाट सरकली की काठ्या सरकवतो. कुठल्या रविवारी उतरायचं नाही ते डोरीन ठरवते. ती एक्याऐंशी वर्षांची आहे, तिचा बाप तिथे बदकं मारायचा, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा. आम्ही एकूण अकरा जण. मी जायला लागून एकोणीस वर्षं झाली, एकही माणूस हरवला नाही.

पण म्हणून कारभार आमचा आहे असं लिहू नकोस. आम्ही कोण? अकरा म्हातारी माणसं, थर्मासमधला चहा आणि काठ्या. जागा ट्रस्टच्या नावावर आहे, तर ट्रस्टचं नाव घाल. तू भूमी अभिलेख खात्यातल्या माणसाची मुलगी आहेस. कागदावर नाव कोणाचं ते बघायचं आणि पुढे जायचं, हे दादाने तुला शिकवलं तसं मलाही शिकवलंय. आणि वर्ग कडकच दे. उन्हाळ्यात लोक कुत्री मोकळी सोडतात आणि पिल्लं तुडवली जातात. पहिला वर्ग लागला तर निदान एक पाटी तरी लागेल.

नोकरीचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. मी सत्तावीस वर्षं एकाच ड्रॉइंग ऑफिसात काढली. काम वेळेवर देणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही.

तुझा
कमलाकरकाका

*

मिल्टन कीन्स
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय काका,

तुमचं अक्षर किती मोठं झालंय. एका ओळीत पाच शब्द, आणि प्रत्येक ओळ उताराला लागलेली. ईराला वाटलं तिच्या वर्गातल्या कोणाचं पत्र आलंय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसलात की काय?

तुम्ही सांगितलंत तशीच नोंद केली. वर्ग पहिला, कारभार खासगी. खाली शेऱ्याची जागा होती. काठ्यांबद्दल दोन ओळी लिहाव्यात असं वाटलं होतं, पण शेरा लिहिला की मॅनेजर प्रश्न विचारते आणि त्या दिवशीचा कोटा राहून जातो. म्हणून ती जागा रिकामी सोडली.

शुक्रवारी ट्रस्टची एक मेल आली, मला फक्त माहितीसाठी. त्यांनी नवा आराखडा केलाय. इतक्या कडक जागेत माणसाने ठेवलेली कुठलीही वस्तू नको, म्हणून ते याच महिन्यात सगळ्या काठ्या काढणार आहेत. काका, याचा माझ्या नोंदीशी काही संबंध नाही. असे आराखडे खूप आधी ठरतात.

पण तुम्ही आता चिखलात उतरू नका. धक्क्यावरूनही पक्षी दिसत असतीलच, आणि तुमच्याकडे चांगली दुर्बीण आहे. मला एका ओळीत ‘जाणार नाही’ एवढंच लिहून पाठवा.

तुमची
पूर्वी

*

इल्फर्ड
१४ ऑक्टोबर २०२५

चि. पूर्वीस,

काठ्या गेल्या. गुरुवारी दोन माणसं ट्रेलर घेऊन आली आणि सगळ्या उपटून घेऊन गेली. डोरीन धक्क्यावर उभी राहून बघत होती. तिने त्यांना चहा दिला. ती रडली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

आम्ही ट्रस्टला पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं: ‘अलीकडच्या नोंदीनुसार या जागेचा वर्ग पहिला आहे आणि कारभारात इतर कोणाचा सहभाग नोंदलेला नाही.’ काकूने ते दोनदा वाचलं. तुझ्या नोंदीशी संबंध नाही असं तू म्हणतेस. बरं, नसेल. कडक वर्ग दे असं तुला मीच सांगितलं होतं, हे मी अजून डोरीनला सांगितलेलं नाही.

‘जाणार नाही’ असं मात्र मी लिहून देणार नाही. ९ नोव्हेंबरला मोजणी आहे. मधला एक महिना गाळला तर मागच्या सगळ्या आकड्यांची साखळी तुटते. वाट माझ्या पायांना पाठ आहे. तू तुझं काम कर आणि ईराला जप.

तुझा
काका

*

इल्फर्ड
२१ ऑक्टोबर २०२५

प्रिय पूर्वी,

मी अरुणाकाकू. हे पत्र मी लायब्ररीत बसून लिहिते आहे आणि ह्यांना माहीत नाही. उत्तर मला पाठवशील ते शेजारच्या आशाच्या पत्त्यावर पाठव, पत्ता मागे लिहिला आहे.

ह्यांना दिसत नाही. म्हणजे कडेकडेचं दिसतं, पण जिकडे बघतील तिथे मधोमध राखाडी डाग असतो. आय क्लिनिकचं पत्र मला मार्चमध्ये त्यांच्या कोटाच्या खिशात सापडलं. त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मला कळलंय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. गाडी विकली ती ‘पार्किंगचा त्रास’ म्हणून. तुझी पत्रं मी वाचते ती ‘तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो’ म्हणून. असं ते लग्नानंतर कधी म्हणाले नव्हते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांचं अक्षर का मोठं झालं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

मोजणी खरं तर डोरीन करते, हे आवाजावरून पक्षी ओळखतात. आणि चिखलातून हे कसे जातात ते मी ऑगस्टमध्ये धक्क्यावरून बघितलं. एका काठीला हात लावायचा, वीस पावलं मोजायची, हात पुढे करायचा, दुसरी काठी. त्या काठ्या होत्या म्हणून मी आजवर गप्प बसले.

आता त्या नाहीत आणि हे ९ तारखेला जाणार आहेत. मला फार भीती वाटते. भाजी चिरताना हात थांबतो. तुझं ते ऐकतात. काहीतरी कर.

तुझी
अरुणाकाकू

*

मिल्टन कीन्स
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय काकू,

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं आणि तिथेच बसून हे उत्तर लिहिते आहे.

मी काकांशी खोटं बोलले. काठ्या माझ्या नोंदीमुळे गेल्या. ट्रस्टचा आराखडा अडकला होता तो ‘वर्ग पक्का झाला की’ एवढ्यासाठीच, हे त्या मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं.

चूकही अशी, की आपल्याच घरात होऊ शकते. वर्ग आणि कारभार ठरवताना मालक कोण हे बघायचं नसतं. जागा कोण सांभाळतं, काय करायचं ते कोण ठरवतं, बरंवाईट झालं तर जाब कोण देतं, हे बघायचं असतं. काकांनी मला तेच सगळं लिहून कळवलं होतं: काठ्या कोण रोवतं, कोणाचा शब्द शेवटचा. सरळ चौथा वर्ग, कारभार सामायिक. आणि मी काय केलं? सातबाऱ्यावर नाव बघावं तसं मालकाचं नाव बघितलं. बाबा तर तिथेही थांबायचे नाहीत. नाव वाचून झालं की बोट खाली नेऊन ‘इतर हक्क’ वाचायचे, वाट कोणाची, पाणी कोणाचं. मी अर्धंच शिकले आणि काकाही अर्धंच शिकले.

नोंद बदलता येते. त्यासाठी दोन कागद लागतात. एक तिथल्या लोकांचा, सह्या करून, की इथले निर्णय आम्ही घेतो आणि त्याला आम्ही जबाबदार आहोत. दुसरा माझा, की चूक माझ्याकडून कशी झाली. ज्या दोघांना काढलं त्यातल्या एकाने असाच कागद दिला होता. नोकरी गेली की साठ दिवस, मग सामान बांधायचं. काकू, मी रिव्ह्यूपर्यंत थांबणार आहे. डिसेंबर संपला की पहिलं काम हेच करेन. तोवर काकांना ९ तारखेला बाहेर पडू देऊ नका. त्यांचे बूट लपवा. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, पण दुसरं काही सुचत नाही.

तुमची
पूर्वी

*

इल्फर्ड
११ नोव्हेंबर २०२५

पूर्वी,

हे आणि डोरीन, दोघंही जिवंत आहेत, एवढं आधी लिहिते.

शनिवारी मी बूट वॉशिंग मशीनच्या मागे लपवले. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. रविवारी सकाळी बागेतले गमबूट घातले आणि ट्रेनला निघाले. मी दारात उभी होते. ‘तुम्हाला दिसत नाही’ एवढे तीनच शब्द म्हणायचे होते. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना काय काय बोलले आहे, पण हे तीन शब्द निघाले नाहीत. मी म्हटलं, मफलर घ्या.

धक्क्यावर चौघंच आले होते. त्यातले दोघे काठ्या नाहीत म्हणून धक्क्यावरच थांबले. डोरीन आणि हे बेटावर गेले, तेव्हा स्वच्छ ऊन होतं. परत निघाले आणि धुकं उतरलं. धक्क्यावर थांबलेल्या दोघांना ते येताना दिसेनात, तेव्हा त्यांनी लाइफबोट बोलावली. साडेबाराला सापडले. वाटेपासून पाव मैल आत, ह्यांच्या कमरेपर्यंत पाणी, आणि डोरीनला ह्यांनी काखेत धरून वर उचललेलं. तिचा घोटा मोडलाय आणि छातीत पाणी गेलंय. ती हॉस्पिटलमध्ये आहे. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

हे घरी आहेत. खिडकीशी बसतात. काल मी मुद्दाम विचारलं, आज हवा कशी आहे? त्यांनी पडदा ओढून घेतला.

तुला दोष देत नाही. बूट लपवून गप्प बसणारी मी कोणाला दोष देणार?

काकू

*

इल्फर्ड
१८ नोव्हेंबर २०२५

चि. पूर्वीस,

हे मी सांगतोय आणि काकू लिहिते आहे. आता या घरात लपवायचं काही उरलेलं नाही. तुझं जिन्यातलं पत्रही तिने मला वाचून दाखवलं.

त्या दिवशीचं एकदा सांगतो, पुन्हा विचारू नकोस. भरतीचं पाणी समोरून येत नाही. आधी मागचे ओहोळ भरतात आणि आपण कोरड्यावर आहोत असंच वाटत राहतं. धुकं आलं तेव्हा डोरीन म्हणाली, “कॅम, तू पुढे हो. तुझे डोळे माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेत.” तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, हो. ती माझा कोट धरून मागे चालत होती. काठ्या उपटल्याची भोकं चिखलात राहिली होती. ती सारखी विचारत होती, भोकं दिसताहेत ना? मी म्हणत होतो, दिसताहेत. मला माझे पायसुद्धा दिसत नव्हते. पूर्वी, मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, आणि तरीही खरं बोललो नाही. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा बोललो. तोवर तिचा पाय खाली गेला होता.

शनिवारी काकूबरोबर हॉस्पिटलमध्ये गेलो. डोरीन आता बरी आहे, ऑक्सिजन काढलाय. तिला दोन्ही सांगितलं, डोळ्यांचं आणि कडक वर्ग दे म्हटल्याचं. माझा हात तिने बाजूला केला. मग म्हणाली, “त्या मुलीला कुठला कागद हवाय?”

कागद सोबत आहे. वाट कुठून न्यायची, काठ्या कधी बदलायच्या, कधी उतरायचं नाही, हे चाळीस वर्षं आम्ही ठरवत आलो असं त्यात लिहिलंय. अकरातल्या सहा जणांनी सह्या केल्या. बाकीचे भ्याले, कारण खाली लिहिलंय की कोणाला काही झालं तर जाब आम्ही देऊ. त्यांना मी बोल लावत नाही. या महिन्यात असा कागद समोर आल्यावर कोणीही भ्यायला हवं. पहिली सही डोरीनची आहे, दुसरी माझी. माझी सही ओळीच्या बाहेर गेली आहे, पण माझीच आहे.

तू हा पुढे पाठवलास तर चूक तुझ्या नावावर लागेल. तिघांचं घर त्या नोकरीवर उभं आहे, म्हणून ‘पाठव’ असं मी म्हणणार नाही. मला तो अधिकारही नाही. फक्त एक माहीत असू दे. ७ डिसेंबरला पुढची मोजणी आहे. मी जाणार नाही. पण आमच्यातले चौघे जाणार म्हणतात, काठ्या असोत नसोत. मी त्यांना खूप समजावलं. ते म्हणतात, वाट आमच्या पायांना पाठ आहे.

तुझा
काका

*

मिल्टन कीन्स
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय काका आणि काकू,

कागद शुक्रवारी मिळाला. शनिवार-रविवार तो फ्रिजवर ठेवला होता आणि मी स्वयंपाकघरात जायचं टाळत होते. रविवारी ईराने विचारलं, आई, तू कोणावर रागावलीस? अवधूतला तेव्हा सगळं सांगितलं. तो पहिल्यांदाच ‘उगाच घाबरतेस’ म्हणाला नाही. तो म्हणाला, घाबरण्यासारखंच आहे.

काल सकाळी पाठवला. मॅरिट्स मार्श: वर्ग चौथा, कारभार सामायिक. शेऱ्याच्या जागेत काठ्यांबद्दल अकरा ओळी लिहिल्या. ‘चुकीचं कारण’ म्हणून एक चौकोन असतो, त्यात लिहिलं: ‘स्थानिक माणसाने खरी माहिती दिली होती. मी मालकाचं नाव बघितलं आणि ती माहिती गाळली. नंतर चूक कळली, तरी नोकरीच्या भीतीने एक महिना गप्प बसले. त्या महिन्यात दोन माणसं बुडता बुडता वाचली.’ शेवटची दोन वाक्यं लिहायची गरज नव्हती असं मॅनेजर म्हणाली. काढून टाकायला तिने मला दुपारपर्यंत वेळ दिला. मी काढली नाहीत.

ट्रस्टलाही तेच कळवलं. त्यांचं उत्तर आज आलं. नोंदीची फेरतपासणी होईपर्यंत काठ्या परत रोवायला त्यांची हरकत नाही, आणि ट्रेलर ते स्वतः पाठवणार आहेत. २९ तारखेला, ओहोटीच्या वेळी. त्या चौघांना सांगा. डोरीनलाही सांगा.

गुरुवारी दुपारी दोन वाजता मला एचआरने बोलावलं आहे. सोबत कोणाला आणायचं असेल तर आणू शकता, असं त्या मेलमध्ये लिहिलंय. आधीच्या दोघांना आलेल्या मेलमध्येही हेच वाक्य होतं. हे टाइप करून प्रिंट काढलं असतं तर बरं झालं असतं, आजचं माझं अक्षर तुम्हाला वाचता यायचं नाही, काकू. गुरुवारी काय झालं ते मी फोन करून सांगेन. त्या दिवशी, काका, फोन तुम्ही घ्या, आणि लगेच काकूंच्या हातात देऊ नका.

तुमची
पूर्वी